४२.३४ मीटरवरचा आवाज

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. रविवार, मेसला रात्रीची सुट्टी, बाहेरून आणलेली भजी आणि एक लॅपटॉप. आमच्या विंगमधल्या सात-आठ जणांनी 'ऐ वतन मेरे वतन' हा २०२४ साली आलेला सिनेमा पाहिला. १९४२ च्या आंदोलनात मुंबईतून चोरून रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहतांवरचा. सिनेमा संपला आणि नेहमीप्रमाणे वाद सुरू झाला. माझा रूममेट मेकॅनिकलचा. तो म्हणाला, "काय दाखवायलेत हे लोकं! एका खोलीत एक डबा ठेवला, पोरीनं बटण दाबलं आणि देशभर आवाज गेला. असं असतंय का?"

मी ई अँड टीसीचा. त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता खरं सांगायचं तर व्हायवाला जशी बोलती बंद होते तशीच माझी झाली. अँटेना अँड वेव्ह प्रोपगेशन हा पेपर मी काढला होता, पण 'काढला' म्हणजे कसा काढला ते आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे! तेव्हा "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररी गाठली. त्यानंतर जे वाचलं, जे गणित करून पाहिलं, ते इथे सांगतो.

कोण ही उषा?

उषा मेहतांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी गुजरातेत, सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. म्हणजे घरात चळवळीला बंदीच म्हणा ना! तरीही १९२८ साली, वयाच्या आठव्या वर्षी, 'सायमन परत जा' म्हणत ही पोरगी मिरवणुकीत होती. लहानपणची एक आठवण त्या सांगत. मुलांच्या प्रभातफेरीवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि झेंडा धरलेली एक मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मुलांना ते लागलं. मग त्यांनी काय केलं, तर झेंड्याच्याच रंगांचे कपडे शिवून घेतले आणि ते घालून पुन्हा रस्त्यावर आली. आता झेंडा पडणार कसा?

वडील १९३० साली निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. १९३९ साली उषाबेन विल्सन कॉलेजमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि मग कायद्याचा अभ्यास सुरू केला. विल्सन कॉलेज म्हणजे गिरगाव चौपाटीसमोरचं. हे ठिकाण लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत घडते.

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह सगळे मोठे पुढारी उचलले गेले. वर्तमानपत्रांवर कडक बंधनं आली. ऑल इंडिया रेडिओ सरकारचा. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून उषाबेन आणि त्यांचे साथीदार त्याला 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणत! गावागावांत काय चाललंय ते कुणालाच कळेना. एका गावात लोकांनी तिरंगा लावला तर शेजारच्या गावाला पत्ता नाही. अशा वेळी या बावीस वर्षांच्या मुलीच्या आणि तिच्या मित्रांच्या डोक्यात आलं की आपला स्वतःचा रेडिओ पाहिजे. कायद्याचा अभ्यास तिथेच सुटला.

२७ ऑगस्ट १९४२ ला पहिलं प्रक्षेपण झालं. उषाबेननी स्वतःच्या आवाजात घोषणा केली की हा काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवरून, भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून बोलतोय. ठिकाण 'कुठल्यातरी' आणि तरंगलांबी मात्र दोन दशांशांपर्यंत अचूक! मला हे फार आवडलं. ऐकणाऱ्याला जेवढं लागतं तेवढं पुरेपूर सांगायचं, आणि पोलिसाला जे लागतं त्यातलं काहीच नाही.

थोडं टेक्निकल (इतर ब्रँचवाल्यांनी पळू नये)

आता रूममेटच्या प्रश्नाकडे येऊ. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. त्याला ४२.३४ मीटरने भागा. उत्तर येतं सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे शॉर्टवेव्ह. हॅम रेडिओवाल्यांचा ४० मीटरचा बँड ७ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, त्याच्या पोटातच ही जागा आहे. याला अर्थ आहे. १९३९ ला युद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी हॅम मंडळींचे परवाने थांबवले होते आणि यंत्रं जमा करायला सांगितली होती. पण यंत्र जमा करता येतं, माणसाच्या हातातली कला जमा करता येत नाही. असा ट्रान्समीटर कसा जोडायचा हे माहीत असलेली मंडळी मुंबईत होती.

आपण गाणी ऐकतो तो एफएम १०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तो तरंग सरळ रेषेत जातो. मध्ये टेकडी आली, पृथ्वीची गोलाई आली, की संपला. म्हणून नांदेडचं एफएम लातूरला लागत नाही. शॉर्टवेव्हचं तसं नाही. जमिनीपासून साधारण ३०० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा 'एफ' थर असतो. ७ मेगाहर्ट्झचा तरंग तिथपर्यंत जातो, वाकतो आणि परत खाली येतो. कॅरमची सोंगटी कशी कडेला आपटून दुसरीकडे जाते, तसंच समजा.

मी वहीवर गणित केलं. मुंबई ते नांदेड सरळ अंतर साधारण पावणेपाचशे किलोमीटर. म्हणजे निम्म्या अंतरावर, ३०० किलोमीटर उंचीवरून तरंग परत फिरला पाहिजे. त्यासाठी तो मुंबईतून सुमारे ५० अंशांच्या कोनात वर निघाला पाहिजे. हे सहज शक्य आहे. मुंबई ते लातूर चारशेच्या आसपास, तिथे कोन आणखी थोडा उभा. आणि एकदा आयनांबराचा आधार मिळाला की दीड-दोन हजार किलोमीटर जायलाही फार मोठी पॉवर लागत नाही. हॅम मंडळी आजही ४० मीटरवर पन्नास-शंभर वॉटमध्ये देशभर गप्पा मारतात.

दुसरी गोष्ट वेळेची. दिवसा आयनांबराचा खालचा 'डी' थर ही फ्रिक्वेन्सी बरीच शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लांबची स्टेशनं खणखणीत लागतात. काँग्रेस रेडिओचं मुख्य प्रक्षेपण संध्याकाळचं असे. लोक घरी आलेले असतात हे कारण आहेच, पण आयनांबरसुद्धा त्यांच्या बाजूने होतं म्हणायला हरकत नाही. अर्थात रोज सगळीकडे सारखंच ऐकू येईल असं नसतं. ऋतू, वेळ आणि सूर्यावरचे डाग यांप्रमाणे ते बदलतं.

मग त्यांना अडचण काय होती? पहिली अडचण तारेची. ४२.३४ मीटरचा अर्ध-तरंग डायपोल लावायचा तर २१ मीटर लांबीची तार हवी. आपल्या होस्टेलच्या टेरेसवर कपडे वाळत घालायची तार ताणली तर रेक्टर सर अर्ध्या तासात विचारायला येतात. तिथे तर भर वस्तीत, युद्धाच्या काळात, परवाना नसलेली एरियल उभी करायची! दुसरी अडचण व्हॉल्व्हची. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हता. व्हॉल्व्हला शेकड्यांनी व्होल्ट लागतात. ट्रान्सफॉर्मर जड, सगळं प्रकरण गरम होणारं. हे खिशात घालून पळता येत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. जो तरंग हजार किलोमीटरवरच्या श्रोत्याला सापडतो, तो एक किलोमीटरवरच्या पोलिसाला जास्तच चांगला सापडतो. तारेचं वेटोळं केलेली लूप अँटेना फिरवत गेलं की एका दिशेला आवाज एकदम बारीक होतो. त्यावरून ट्रान्समीटरची रेषा कळते. दोन ठिकाणांहून दोन रेषा काढल्या की जिथे छेदतात तिथे घर! सर्व्हेईंगच्या प्रॅक्टिकलला सिव्हिलवाले जे करतात तेच. अशी शोधक यंत्रं बसवलेल्या गाड्या मुंबईत त्यांच्या मागावर फिरत होत्या. यावर उपाय एकच. थोडा वेळ बोलायचं आणि जागा बदलायची.

इथे माझ्या रूममेटचा प्रश्न सुटला. पण मला नवीन प्रश्न पडला. जागा बदलायची म्हणजे, जागा द्यायचं कोण?

एका शहराचा रेडिओ

पहिलं प्रक्षेपण चौपाटीच्या 'सी व्ह्यू' इमारतीतून झालं. मग लॅबर्नम रोडवरचं 'अजित व्हिला'. (याच रस्त्यावर मणिभवन आहे, गांधीजी मुंबईत उतरत ते घर.) मग सँडहर्स्ट रोडकडची पारेखवाडी, वाळकेश्वर रोडचा 'रतन महल' आणि शेवटी महालक्ष्मीचा 'पॅरेडाइज बंगला'. मुंबईचा नकाशा काढून पाहिलं तर हे सगळं काही किलोमीटरच्या टापूतलं आहे. दर वेळी कुणाच्या तरी नावावर जागा घ्यायची, रातोरात यंत्र हलवायचं, शेजाऱ्यांना संशय येऊ द्यायचा नाही. पुढे त्यांनी आणखी एक शहाणपणा केला. बोलणं एका जागी रेकॉर्ड करायचं आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागेवरून. म्हणजे एक जागा गेली तरी दुसरी वाचेल. आपण आज बॅकअप म्हणतो तो हाच विचार.

आणि माणसं बघा. पैशाची जबाबदारी आणि सगळी जुळवाजुळव करणारे विठ्ठलदास उर्फ बाबूभाई खाकर. त्यांच्याबरोबर चंद्रकांत झवेरी आणि विठ्ठलदास झवेरी. यंत्रसामग्रीची मदत नानिक मोटवानी यांच्याकडून. हे मोटवानी म्हणजे 'शिकागो रेडिओ'वाले. जुन्या सभांचे फोटो पाहा, पुढाऱ्यांसमोरच्या मायक्रोफोनवर बऱ्याचदा 'शिकागो' लिहिलेलं दिसतं. नाव अमेरिकेचं असलं तरी मालक सिंधी! बातम्या वाचायला उषाबेनच्या जोडीला पारशी कूमी दस्तुर, हिंदुस्तानीतून वाचायला मोईनुद्दीन हॅरिस. मार्गदर्शन डॉ. राममनोहर लोहियांचं, ते स्वतःही बोलत. आणि नगरचे अच्युतराव पटवर्धन. दोघेही तेव्हा भूमिगत.

गुजराती, सिंधी, पारशी, मुसलमान, मराठी, उत्तरेकडचे, सगळे एकाच माईकभोवती. हे कुणी ठरवून केलेलं 'विविधतेत एकता'चं स्नेहसंमेलन नव्हतं. मुंबई शहरच तसं होतं. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने दिलं. कुणी आवाज, कुणी पैसे, कुणी खोली, कुणी यंत्र, कुणी नुसतं गप्प राहणं. उषाबेनचं नाव पुढे आलं ते योग्यच, कारण आवाज त्यांचा होता आणि शेवटपर्यंत त्या तिथे उभ्या राहिल्या. पण सिनेमात जसं एकटीच्या जोरावर सगळं दिसतं तसं ते नव्हतं, आणि त्या स्वतःही तसं कधी म्हणाल्या नाहीत.

बोलत काय होते?

'हिंदुस्ताँ हमारा'ने सुरुवात, 'वंदे मातरम्'ने शेवट, आणि मध्ये बातम्या. इंग्रजीत आणि हिंदुस्तानीत. पण कुठल्या बातम्या? ज्या छापायची कुणाची हिंमत नव्हती त्या. चितगावचा बॉम्बहल्ला. जमशेदपूरच्या कामगारांचा संप. आणि आपल्या महाराष्ट्रातलं आष्टी-चिमूर.

चिमूर आज चंद्रपूर जिल्ह्यात आणि आष्टी वर्ध्यात. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथे लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. त्यानंतर चिमूरमध्ये लष्कर आणि पोलीस घुसले आणि गावावर, विशेषतः बायकांवर, फार भयंकर अत्याचार झाले. ही बातमी सरकारला दाबायची होती. चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी पुढे ६३ दिवसांचं उपोषण केलं, तेव्हा त्या उपोषणाच्या बातम्यांवरही बंदी आली. अशा वेळी चिमूरचं नाव मुंबईतल्या एका चोरट्या रेडिओवरून उच्चारलं गेलं. चिमूरच्या बाईला काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. पण आपल्यावर काय झालं ते कुणीतरी मोठ्याने म्हणतंय, याला किंमत असते.

हे वाचताना मला आमच्या आजोबांची आठवण झाली. आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं. १९४२ ला लातूर आणि नांदेड दोन्ही निजामाच्या राज्यात. आजोबा रझाकारांच्या वेळी सात-आठ वर्षांचे होते. ते सांगायचे की गावात एकाच वाड्यात रेडिओ होता, आणि संध्याकाळी मोठी माणसं तिथं जाऊन बसायची. पोरांना वाड्यात घ्यायचे नाहीत, म्हणून हे बाहेर ओट्यावर. आतून लोक बाहेर आले की त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळायचं, बातमी बरी की वाईट! १७ सप्टेंबर १९४८ ला आपला मराठवाडा मोकळा झाला ते त्यांना अशाच एका चेहऱ्यावरून कळलं म्हणे. नंतर नोकरी लागल्यावर त्यांनी पहिली वस्तू घेतली ती मर्फीचा रेडिओ. तो अजून घरी आहे. वाजत नाही, पण आजी तो विकू देत नाही.

१२ नोव्हेंबर

आता शेवट. १२ नोव्हेंबर १९४२. पोलिसांचा छापा बाबूभाईंच्या ऑफिसवर पडला. उषाबेनना कळलं. त्या तिथून निसटून रेकॉर्डिंगच्या जागी गेल्या, तिथे लोहिया वगैरे मंडळी होती. आज थांबावं का? ठरलं की नाही, कार्यक्रम व्हायचाच. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी दोघे पॅरेडाइज बंगल्यात गेले. प्रक्षेपण केलं. शेवटचं 'वंदे मातरम्' चालू असताना दारावर धक्के बसायला लागले. पोलीस तीन दारं फोडून आत आले आणि त्यांनी रेकॉर्ड थांबवायला सांगितलं. यांनी थांबवली नाही.

मोजून ७८ दिवस हा रेडिओ चालला.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगतो. पोलिसांनी एवढ्या गाड्या फिरवल्या, रेषा काढल्या. पण शेवटी बंगला कसा सापडला? यंत्राने नाही. या रेडिओचं काम करणारा एक तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला होता आणि त्याने जागा दाखवली. म्हणजे आपल्यातलाच एक. इंजिनिअर. ज्याच्या हातातल्या कलेवर सगळं उभं होतं, त्याच्याच बोटाने ते पडलं.

मी त्याला शिव्या घालणार नाही. पोलिसांच्या कोठडीत काय होतं ते मला माहीत नाही, आणि मी तिथे असतो तर काय केलं असतं हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक गोष्ट आपल्याला कुठल्याच पेपरात शिकवत नाहीत. सर्किट जोडणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं. कुठली तार कुठे, कुठला स्विच कुणाकडे, दरवाजाची किल्ली कुठे. आज सर्व्हर सांभाळणाऱ्या, पासवर्ड माहीत असलेल्या, कॅमेऱ्याचं फुटेज हातात असलेल्या मुलालाही सगळं माहीत असतं. आपल्यातले कितीतरी जण वर्ष-दोन वर्षांत त्या खुर्चीत बसणार आहेत.

आणि दुसऱ्या बाजूला उषाबेन. कित्येक महिने चौकशी झाली. परदेशी शिक्षणाचं आमिषही दाखवलं गेलं. कोर्टात त्यांनी न्यायाधीशांना विचारलं की प्रश्नांची उत्तरं देणं मला बंधनकारक आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. कायद्याचा अर्धवट सुटलेला अभ्यास असा कामाला आला! जिचं काम बोलणं होतं, तिने गप्प बसून साथीदारांना वाचवलं. १९४३ ला निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार वर्षं, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी सुटले. उषाबेन येरवड्यात होत्या, तब्येत ढासळली, जे. जे. रुग्णालयात आणावं लागलं. १९४६ ला सुटल्या.

पुढे त्यांनी पुढारपण केलं नाही. पुन्हा शिकल्या, गांधीजींच्या विचारांवर पीएच.डी. केली, विल्सन कॉलेजात तीसेक वर्षं शिकवलं, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, १९८० ला निवृत्त झाल्या. मणिभवनचं काम पाहिलं. १९९८ ला पद्मविभूषण मिळालं. दर वर्षी ९ ऑगस्टला त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, म्हणजे त्याच गवालिया टँकवर, जायच्या. २००० सालीही अंगात ताप असताना गेल्या. ११ ऑगस्टला गेल्या त्या कायमच्या.

आपण काय करणार?

थर्ड इयरला मी आणि माझ्या पार्टनरने मिनी प्रोजेक्ट म्हणून छोटा एफएम ट्रान्समीटर बनवला होता. एक ट्रान्झिस्टर, हाताने गुंडाळलेली कॉइल, नऊ व्होल्टची बॅटरी. लॅबमध्ये चालला म्हणून हौसेने होस्टेलवर आणला आणि दोन तास गाणी लावली. शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं, आम्ही खूश! दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावून घेतलं. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं आजही गुन्हा आहे, हे त्यांनी नीट समजावलं. पण जाताना ते आणखी एक म्हणाले, "कॉइल चांगली गुंडाळलीस. पण त्याच्यावर बोलायला तुमच्याकडे काय होतं?" मी म्हटलं, काही नाही सर, गाणीच. तेव्हा हा टोमणा वाटला होता. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता.

आणि आज तर चोरून करायची गरजही नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतले तरंग ही जनतेची मालमत्ता आहे. २००२ पासून शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने २००४ मध्ये पहिला सुरू केला. १०० वॉट, ३० मीटरचा मनोरा, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. आपल्याला जमणार नाही असं यात काही नाही.

आणि फार लांब जायला नको. लातूरहून उदगीर, बीदर करत पुढे गेलं की झहीराबाद लागतं. त्याच्याजवळ माचनूर नावाचं खेडं आहे. तिथे ऑक्टोबर २००८ पासून दलित बायकांनी 'संघम रेडिओ' चालवला, ९०.४ मेगाहर्ट्झवर. जनरल नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या दोघी त्याच्या मुख्य. ना डिग्री, ना डिप्लोमा. बियाणं, ज्वारी, सण, आजार, त्यांच्या स्वतःच्या तेलुगूत. उषाबेनकडे माणसं होती आणि परवाना नव्हता. नरसम्मांनी दोन्ही मिळवलं.

फक्त एक गंमत (खरं तर गंमत नाही) सांगतो. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला आजही परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, एवढंच. म्हणजे काँग्रेस रेडिओ ज्या एका गोष्टीसाठी जन्माला आला, ती सोडून बाकी सगळं चालतं! याच्यावर मेसमध्ये जरूर वाद घाला.

पण बातम्या वगळूनही बोलण्यासारखं खूप आहे. उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं ते २०१६ साल आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलंय. पाणी, पिकं, बसचं टाइमटेबल, गावाकडून पहिल्यांदा शहरात आलेल्या पोरीला होस्टेलचा फॉर्म कसा भरायचा ते, मेसच्या मावशींच्या तोंडची ओवी. हे कुठल्याच मोठ्या स्टेशनवर लागत नाही.

रूममेटला मी सगळं गणित दाखवलं. आयनांबर, पन्नास अंश, २१ मीटरची तार. त्याने नीट ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे डबा खरा होता. पण डब्यानं झालं नाही काही." मेकॅनिकलचा असून बरोबर बोलला!

सरांना मी विचारलंय. ते म्हणाले, आधी कार्यक्रमांची यादी आण, मग अर्जाचं बघू. यादीत सध्या सात गोष्टी आहेत. आठवी ज्याला सुचेल त्याने बी विंग, खोली क्रमांक चौदाचं दार वाजवावं. रात्री साडेआठनंतर आम्ही असतोच.